लोकसभेचे अध्यक्ष, १९२१ पासून आजपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे यादी मागतात. टीव्हीवर गोंधळ बघून वैतागलेले लोक विचारतात, 'हे अध्यक्ष नक्की कोणाच्या बाजूचे?' हे पान दोघांसाठी आहे. यादी मध्येच एका उत्तरात सापडेल, पण तिच्या अलीकडचे-पलीकडचे जास्त वाचण्यासारखे आहे असे माझे मत.

अध्यक्ष, सभापती आणि पीठासीन अधिकारी हे एकच का?

नाही. लोकसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात, राज्यसभेत सभापती आणि उपसभापती. महाराष्ट्रातही विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती अशीच विभागणी आहे. बातम्यांत 'लोकसभा सभापती' असे सर्रास छापून येते, ते चुकीचे. फरक नुसत्या नावाचा नाही. देशाचे उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात आणि ते त्या सभागृहाचे सदस्य नसतात. लोकसभेचे अध्यक्ष मात्र मतदारसंघातून निवडून आलेले खासदारच असतात. पुढची निम्मी कटकट यातूनच निघते.

'पीठासीन अधिकारी' हा सगळ्यांना सामावून घेणारा शब्द आहे. त्या क्षणी खुर्चीवर जो बसला आहे तो पीठासीन अधिकारी. दुपारच्या अर्ध्या रिकाम्या सभागृहात भलतेच कोणी खुर्चीवर दिसले तर गोंधळू नका. अध्यक्ष सदस्यांमधून जास्तीत जास्त दहा जणांची तालिका नेमतात आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष नसतील तेव्हा त्यांच्यापैकी एक जण कामकाज चालवतो.

हे पद स्वातंत्र्यानंतर आले ना?

नाही, आणि स्वातंत्र्याआधीची गोष्टच जास्त रंगतदार आहे.

१९१९ च्या कायद्यानुसार १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळ, म्हणजे आजच्या लोकसभेचे पूर्वरूप, सुरू झाले. त्याआधीच्या कौन्सिलात गव्हर्नर जनरलच अध्यक्षस्थानी असत. विधेयक सरकारचे, उत्तर सरकारचे आणि बोलायची परवानगीही सरकारचीच! १९२१ मध्ये खुर्ची वेगळी झाली, पण पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले होते. ते ब्रिटिश पार्लमेंटचे माजी सदस्य, त्यामुळे तिथल्या रीतिभाती त्यांनी सोबत आणल्या.

चार वर्षे सरल्यावर २४ ऑगस्ट १९२५ रोजी सदस्यांनी पहिल्यांदाच आपला अध्यक्ष निवडला. विठ्ठलभाई पटेल यांना ५८ मते पडली, टी. रंगाचारियार यांना ५६. वल्लभभाईंचे हे थोरले बंधू मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद सांभाळून आलेले आणि स्वराज्य पक्षाचे पुढारी. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पक्ष बाजूला ठेवला. सरकारचा मुलाहिजा मात्र कधी ठेवला नाही.

८ एप्रिल १९२९ चा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, पण खुर्चीच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. औद्योगिक कलह विधेयकावरच्या मतविभागणीचा (बाजूने-विरोधात मोजून घेतलेल्या मतांचा) निकाल नुकताच जाहीर झाला होता. सार्वजनिक सुरक्षा विधेयक चर्चेला घेता येईल की नाही, यावर निर्णय द्यायला विठ्ठलभाई उभे राहिले, तोच सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी फेकलेले बॉम्ब फुटले. सभागृह धुराने भरले, निर्णय राहून गेला. तीन दिवसांनी, ११ एप्रिलला, विठ्ठलभाईंनी तो दिलाच. मीरत कटाचा (कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा) खटला न्यायालयात चालू असताना त्याला स्पर्श न करता या विधेयकावर चर्चा होऊच शकत नाही, म्हणून ते मांडता येणार नाही. बॉम्बनंतर सरकारला सहानुभूती मिळत होती, त्यातही त्यांनी विधेयक अडवले. शेवटी व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला.

त्यांनी आणखी एक काम करून ठेवले, ज्याची फारशी आठवण निघत नाही. कायदेमंडळाचा कारभार तोवर सरकारी खात्यातले कारकून बघत. १९२९ मध्ये विठ्ठलभाईंनी भांडून अध्यक्षांच्या ताब्यातले स्वतंत्र सचिवालय मिळवले. आजच्या लोकसभा सचिवालयाचे मूळ तिथे आहे.

१९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागून महंमद याकूब, इब्राहिम रहिमतुल्ला, षण्मुखम् चेट्टी आणि मग दहा वर्षे सर अब्दुर रहीम.

मग 'पहिले अध्यक्ष' कोण? परीक्षेत काय लिहायचे?

प्रश्न नीट वाचा. मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक व्हाइट, पहिले निर्वाचित आणि पहिले भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल, लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. डॉ. राजेंद्र प्रसाद घटना समितीचे अध्यक्ष होते, पण ती समिती कायदेमंडळ म्हणून बसायची तेव्हा, म्हणजे १७ नोव्हेंबर १९४७ पासून, खुर्चीवर मावळणकर असायचे.

मावळणकर मराठी होते की गुजराती?

दोन्ही म्हणा. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, जन्म १८८८ चा बडोद्याचा, सगळी वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादचे. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत.

जानेवारी १९४६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले ते अवघ्या तीन मतांनी. सर कावसजी जहांगीर यांना ६३ मते, मावळणकरांना ६६. सहा वर्षांनी पहिल्या लोकसभेत पुन्हा लढत झाली. १५ मे १९५२ रोजी मावळणकरांच्या बाजूने ३९४ आणि विरोधात ५५ मते पडली. समोर होते सोलापूरचे खासदार, शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे. म्हणजे स्वतंत्र भारतातली लोकसभा अध्यक्षपदाची पहिली निवडणूक एका मावळणकर आणि एका मोऱ्यांमध्ये झाली. त्या ३९४ मतांत मोऱ्यांचे स्वतःचे मतही होते. प्रतिस्पर्ध्याला मत देण्याची संसदीय रीत त्यांनी पाळली.

नेहरूंनी मावळणकरांना 'लोकसभेचे जनक' म्हटले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

निवड कशी होते? मतपत्रिका असते का?

मतपत्रिका नसते. ही पद्धत जरा चमत्कारिक आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कोणीही सदस्य आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत नोटीस देतो : 'अमुक सदस्यांची अध्यक्षपदी निवड करावी.' अनुमोदन दुसऱ्या सदस्याचे लागते आणि उमेदवाराची लेखी तयारी सोबत जोडावी लागते. असे कितीही प्रस्ताव येऊ शकतात. ते आलेल्या क्रमाने एकेक करून मताला टाकले जातात आणि एक संमत झाला की बाकीचे मताला येतच नाहीत. म्हणून १९५२ मध्ये मावळणकरांना ३९४ आणि मोऱ्यांना ५५ असे म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. ५५ मते मावळणकरांच्या प्रस्तावाच्या विरोधात होती, मोऱ्यांचा प्रस्ताव मताला टाकायची वेळच आली नाही.

आधी आवाजी मतदान होते. कोणी मतविभागणी मागितली तर घंटा वाजते, साडेतीन मिनिटे. त्यानंतर दारे बंद होतात आणि मग मोजदाद. निवड झाली की पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते नव्या अध्यक्षांना त्यांच्या बाकापासून खुर्चीपर्यंत नेऊन बसवतात. जून २०२४ मध्ये ओम बिर्ला यांना खुर्चीकडे नेताना मोदी आणि राहुल गांधी यांनी केलेले हस्तांदोलन दिवसभर टीव्हीवर फिरत होते.

निवडणूक व्हायची वेळ किती वेळा आली?

बहुतेकदा आधी बोलणी होऊन एकमत होते. १९५२ नंतर १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांच्यासमोर तेन्नेटी विश्वनाथम उभे होते आणि २७८ विरुद्ध २०७ अशी चांगली चुरस झाली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, बळीराम भगत यांच्यासमोर जनसंघाचे जगन्नाथराव जोशी होते. तेव्हा ३४४ विरुद्ध ५८. १९९८ मध्ये बालयोगींसमोर पूर्णो संगमा यांच्या नावाचा प्रस्ताव होता, तो फेटाळला गेला. मग २०२४ : ओम बिर्ला आणि काँग्रेसचे कोडिकुन्नील सुरेश. विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरला नाही, आवाजी मतदानावरच काम झाले.

आतापर्यंतच्या अध्यक्षांची नावे क्रमाने सांगाल का?

सांगतो. मावळणकरांनंतर त्यांचेच उपाध्यक्ष एम. अनंतशयनम् अय्यंगार (१९५६–६२), मग हुकूमसिंग (१९६२–६७) आणि नीलम संजीव रेड्डी. रेड्डींनी १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी खुर्ची सोडली आणि व्ही. व्ही. गिरींकडून हरले. गुरदयालसिंग धिल्लाँ डिसेंबर १९७५ पर्यंत राहिले आणि थेट मंत्रिमंडळात गेले. मग बळीराम भगत.

१९७७ मध्ये रेड्डी पुन्हा आले, पण चारच महिन्यांत बिनविरोध राष्ट्रपती झाले. त्यांच्या जागी आलेले के. एस. हेगडे हे माझ्या मते यादीतले सर्वांत वेगळे गृहस्थ. ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९७३ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला होता.

पुढे बलराम जाखड (१९८०–८९). दोन पूर्ण लोकसभा सांभाळल्या. रवी राय (१९८९–९१). लातूरचे शिवराज पाटील (१९९१–९६), जे त्याआधी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाल्या आणि आज संसदेतले जे थोडेफार गंभीर काम होते ते याच समित्यांमध्ये होते. पूर्णो संगमा (१९९६–९८) विरोधी बाकांवरून आलेले पहिले अध्यक्ष. जी. एम. सी. बालयोगी (१९९८–२००२) पहिले दलित अध्यक्ष. मार्च २००२ मध्ये आंध्रात कैकलूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. त्यांच्या जागी बिनविरोध आले मनोहर जोशी (२००२–०४). मग सोमनाथ चॅटर्जी (२००४–०९), पहिल्या महिला अध्यक्ष मीरा कुमार (२००९–१४) आणि चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरमधून आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्रा महाजन (२०१४–१९). जून २०१९ पासून राजस्थानातल्या कोट्याचे ओम बिर्ला, जून २०२४ मध्ये फेरनिवड. रेड्डी एकदाच मोजले तर सतरा माणसे.

अध्यक्ष मतदान करतात का?

एरवी नाही. समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात. असा क्षण किती जवळ येऊ शकतो ते १७ एप्रिल १९९९ रोजी दिसले. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. विरोधातले एक मत कमी असते तर सगळा भार बालयोगींवर आला असता आणि ते सरकारला बाहेरून आधार देणाऱ्या तेलुगू देसमचे.

त्याच दिवशीचा दुसरा पेच : काँग्रेसचे गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वी ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. त्यांना मत देऊ द्यायचे का? बालयोगींनी ते गमांग यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवले. गमांग यांनी सरकारविरोधात मत दिले. त्यावर आजही वाद घालणारे भेटतात. माझ्या मते खासदारकी कायद्याने शाबूत असताना मत नाकारणे हाच पक्षपात ठरला असता.

अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडावा लागतो का?

कायद्याने नाही. सगळ्या प्रश्नांची नाडी इथेच आहे, म्हणून थोडे लांबवतो.

ब्रिटनमध्ये स्पीकर झालेला माणूस पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. मावळणकरांना हीच प्रथा इथे हवी होती, पण पक्षांनी ती मनावर घेतली नाही. आपल्या राज्यघटनेत तर कलम ९३ पासून सगळे तपशील आहेत, 'निःपक्ष राहा' एवढे सांगणारे कलम मात्र नाही. घटनाकारांनी ते संकेतावर सोडले, असेच मानावे लागते. दहाव्या परिशिष्टात (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात) एवढी सोय आहे की अध्यक्षाने निवडीनंतर स्वतःहून पक्षाचे सदस्यत्व सोडले तर त्याला पक्षांतराचा दोष लागत नाही. वाट मोकळी आहे, पण तिच्यावरून जातो कोण?

संजीव रेड्डींनी १९६७ मध्ये ती सोय नसतानाही काँग्रेसचा राजीनामा दिला होता. इतरांचे गणित वेगळे. पाच वर्षांनी त्यांना पक्षाच्याच तिकिटावर मतदारांपुढे जायचे असते. मतदारही दयामाया दाखवत नाहीत. जाखड १९८९ मध्ये सीकरला हरले, मनोहर जोशी २००४ मध्ये मुंबईत, मीरा कुमार २०१४ मध्ये सासाराममध्ये.

सोमनाथ चॅटर्जींची गोष्ट यातली सर्वांत कडू. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या मुद्द्यावर डाव्यांनी मनमोहनसिंग सरकारचा पाठिंबा काढला. राष्ट्रपतींना दिलेल्या खासदारांच्या यादीत माकपने चॅटर्जींचेही नाव घातले. पक्षाची अपेक्षा होती की त्यांनी खुर्ची सोडून बाकावर यावे. ते आले नाहीत. २२ जुलैचा विश्वासदर्शक ठराव त्यांच्याच देखरेखीखाली २७५ विरुद्ध २५६ असा संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. जवळजवळ चाळीस वर्षांचे नाते एका दिवसात तुटले. आता सांगा, दुसऱ्या कुणाला हिंमत कशी व्हावी?

अध्यक्षांना हटवता येते का?

येते. चौदा दिवसांची नोटीस, प्रस्ताव दाखल होण्यासाठी पन्नास सदस्यांचे समर्थन, आणि संमत होण्यासाठी हजर असलेल्यांचे नव्हे तर त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत. प्रस्ताव चर्चेत असताना अध्यक्ष खुर्चीवर बसू शकत नाहीत, पण सदस्य म्हणून बोलू शकतात आणि मतही देऊ शकतात. समसमान मते झाली तर निर्णायक मत मात्र त्यांना नाही.

पहिला प्रयत्न खुद्द मावळणकरांवर झाला, डिसेंबर १९५४ मध्ये. फेटाळला गेला. १९६६ मध्ये हुकूमसिंग यांच्याविरुद्ध मधू लिमये यांनी प्रस्ताव आणला, पण पन्नास सदस्यही उभे राहिले नाहीत. एप्रिल १९८७ मध्ये जाखड यांच्याविरुद्धचा प्रस्ताव फेटाळला गेला. तो मांडणारे होते सोमनाथ चॅटर्जी.

धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चासंबंधीचे विधेयक) कोणते, हे अध्यक्षच ठरवतात?

हो, कलम ११० प्रमाणे अध्यक्षांचा निर्णय अंतिम. त्यांनी तसा दाखला दिला की राज्यसभेच्या हातात शिफारशी करणे आणि चौदा दिवसांत विधेयक परत पाठवणे एवढेच उरते. २०१६ चे आधार विधेयक असेच धनविधेयक ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चारास एक अशा बहुमताने ते उचलून धरले. 'अंतिम' शब्दाचा अर्थ न्यायालयही तपासू शकत नाही असा होतो का, हा वाद पुढे सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

पक्षांतराचा निवाडा अध्यक्षांकडे का?

१९८५ मध्ये दहावे परिशिष्ट आले तेव्हा संसदेने तसे ठरवले म्हणून. तोवर कामकाज चालवणारी खुर्ची त्या दिवसापासून न्यायाधीशाचीही झाली. माझ्या मते खुर्चीचा सर्वाधिक तोटा याच कायद्याने केला. चांगले उदाहरणही आहे. जनता दलाच्या फुटीनंतर जानेवारी १९९१ मध्ये रवी राय यांनी आठ खासदारांना अपात्र ठरवले आणि परराष्ट्रमंत्री विद्याचरण शुक्ल यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांचा अधिकार कायम ठेवला, पण इथे अध्यक्ष हे न्यायाधिकरण आहेत आणि त्यांचा निर्णय न्यायालय तपासू शकते, असे सांगितले. मुदतीचे काय? कायद्यात मुदतच नाही. २०२० मध्ये न्यायालयाने साधारण तीन महिने म्हटले. महाराष्ट्रातल्या वाचकांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

खासदारांना निलंबित कोण करते?

गोंधळी सदस्याला दिवसभरासाठी बाहेर जायला अध्यक्ष स्वतः सांगू शकतात. त्यापुढचे निलंबन करायचे तर अध्यक्ष त्या सदस्याचे नाव घेतात, म्हणजे सभागृहात नावानिशी पुकारतात, आणि ठराव सभागृह करते. २००१ मध्ये आलेल्या ३७४ अ नियमाने मात्र हौद्यात (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून कामकाज अडवणारा, अध्यक्षांनी नाव घेताच, पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, जे कमी असेल तेवढ्यासाठी, आपोआप निलंबित होतो. १५ मार्च १९८९ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून लोकसभेतले ६३ सदस्य एकाच दिवशी निलंबित झाले. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात लोकसभेतला आकडा १०० झाला.

उपाध्यक्षपद रिकामे राहिले तर काय बिघडते?

रोजचे कामकाज तालिकेवरच्या सदस्यांवर भागते. पण अध्यक्षांनी राजीनामा द्यायचा तो उपाध्यक्षांकडे, आणि अध्यक्षपद अचानक रिकामे झाले तर कारभार त्यांनीच बघायचा. बालयोगी गेल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, २६ मार्च २००२ रोजी, दहशतवादविरोधी पोटा कायद्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. ती उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी चालवली. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, ही जागा पाचही वर्षे भरली गेली नाही. कलम ९३ 'शक्य तितक्या लवकर' म्हणते, तारीख सांगत नाही.

लोकसभा विसर्जित झाली की अध्यक्षांचे पद जाते का?

नाही. खासदारकी जाते, पद राहते. नव्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या लगेच आधीपर्यंत. मग राष्ट्रपती हंगामी अध्यक्ष नेमतात, ते सदस्यांना शपथ देतात आणि अध्यक्षांची निवड पार पाडतात. सहसा ज्येष्ठ सदस्याला हा मान मिळतो, पण तोही संकेतच. २०२४ मध्ये भर्तृहरी महताब यांना नेमले तेव्हा आठ वेळा निवडून आलेल्या सुरेश यांना का डावलले, यावरून वाद झाला आणि आठवडाभरात तेच सुरेश अध्यक्षपदाचे उमेदवार झाले.

सभागृहात अध्यक्षांना काय म्हणून संबोधतात?

दिल्लीत 'अध्यक्ष महोदय' किंवा 'अध्यक्ष जी'. सुमित्रा महाजन खुर्चीवर असताना 'ताई' सुद्धा ऐकू यायचे. आपल्या विधानसभेत 'अध्यक्ष महाराज'. बोलणे कोणालाही उद्देशून असो, ते खुर्चीकडे बघून करायचे, असा नियम आहे.